टिटवीच्या अंड्यांभोवतीचे दगड

संस्थान विलीन झाल्यानंतरच्या उन्हाळ्यात आमची प्लाटून परभणी जिल्ह्यात बोरीला होती. काम रस्त्यावरच्या पेट्रोलिंगचं. पळून गेलेल्या सशस्त्र टोळ्यांनी सुरुंग पेरून ठेवले होते. ते रस्त्यावर सापडत. माळावर आम्ही बिनघोर फिरायचो.

माझा जोडीदार लान्स नाईक शंकर, कोल्हापूरकडचा. त्याच्याकडे एक बॉक्स कॅमेरा होता आणि पक्ष्यांचं वेड. त्या डब्यातून पक्षी टिपायचा तर अगदी जवळ जावं लागे. म्हणून शंकरचे नियम कडक. ऊन पाठीशी घ्या. पक्ष्याच्या अंगावर सरळ जाऊ नका, तिरके चाला, मध्येच थांबा. रोखून बघू नका. हल्ली गाडीतून उतरल्या उतरल्या हातभर लेन्स रोखणाऱ्यांना मी हेच सांगतो. ऐकतो कोण!

एक गोष्ट तो इथे शिकला, मेंढ्या राखणाऱ्या मारुतीमामांकडून. टिटवी उघड्या माळावर अंडी घालते. मेंढरांनी ती तुडवू नयेत म्हणून मामा भोवती दगड मांडत. दगडांचं कडं दिसलं की आत अंडी.

त्या सकाळी देवगाव फाट्याच्या अलीकडे हॉल्ट झाला. शंकरला माळावर कडं दिसलं. सुभेदारसाहेब म्हणाले, "पाच मिनिटं." शंकर तिरका चालत गेला आणि कड्याजवळ गुडघ्यावर बसला.

तेवढ्यात पलीकडून मारुतीमामा ओरडत पळत आले.

"ओ सायब! तितं अंडी न्हाईत! लोखंड हाय! मेंढरं जाऊ नयेत म्हनून म्याच दगडं ठेवलेत!"

एक सुरुंग असला की आसपास दुसरा असतोच.

"शंकर, हलू नको!" सुभेदार ओरडले. "आता आल्या वाटेनं मागं ये. स्वतःच्याच पावलांवर पाय ठेव."

शंकर उठला, वळला. खाली बघत एकेक पाऊल टाकू लागला. निम्म्या वाटेवर तो थांबला. डोक्यावर टिटवी ओरडत फिरत होती.

"अंडी हितं हायती," तो म्हणाला. "माझ्या पावलाच्या ठशाला चिकटूनच. येताना दिसली न्हाईत."

"ठसा सोडू नको!" सुभेदार ओरडले.

शंकरनं अंड्यांना टाळून पाय जरासा बाजूला टाकला.

सुरुंगाचा आवाज झाला. मी धावलो, तर सुभेदारांनी कमरेला मिठी मारून मला मागे ओढलं.

परक्या मुलखात पक्षी बघायला जाल तेव्हा दिसलेली खूण कुणी केली, कशासाठी केली, हे आधी तिथल्या माणसाला विचारा. माझं एवढं एक तरी ऐका.

पुढच्या रजेत मी शंकरच्या गावी गेलो. त्याची आई दारात शेंगा फोडत बसली होती. पल्टनीनं तिला पाठवलेल्या तारेत 'कर्तव्य बजावताना' एवढंच लिहिलं होतं.

"शेवटाला काय करत हुता त्यो?" तिनं विचारलं.

मी काहीतरी पल्टनीला शोभेलसं सांगणार होतो. जमलं नाही. म्हणालो, "टिटवीची अंडी पायाखाली येऊ नयेत म्हणून त्यानं पाय बाजूला घेतला."

तिनं हातातली शेंग फोडून दाणे सुपात टाकले.

"मग त्यो माझा शंकऱ्याच," ती म्हणाली. "मला वाटलं हुतं, बंदूक हातात आल्यावर बदलला असंल."