अण्णाला झोपवायचं राहिलं

आमच्यात माणूस गेला की त्याला आडवं ठेवत नाहीत. अंग ताठायच्या आत अंघोळ घालतात, मांडी घालून भिंतीशी बसवतात आणि कापडानं खुंटीला बांधतात. कपाळाला भस्म, गळ्यात हार. खड्ड्यातही त्याला तसंच बसवतात, डाव्या तळहातावर त्याचं, जन्मभर गळ्यात बाळगलेलं इष्टलिंग ठेवून. आम्ही लिंगायत. सगळं जग असंच पुरत असेल, असं मला लहानपणी वाटायचं.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. परभणीला औषधांच्या दुकानात कामाला होता. तिशीत त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि मानवतला घरी येऊन गळ्यातलं लिंग आईच्या हातात ठेवलं. बाबा तेव्हा होते. ते बोलले, आणि असं बोलले की अण्णा पुन्हा घरी आला तो बाबांच्या मातीलाच. आईनं ते लिंग चांदीच्या डबीत ठेवलं आणि रोज स्वतःच्या लिंगाबरोबर त्याचीही पूजा करू लागली. कुणी टोकलं तर म्हणायची, "त्यानं सोडलं. मी कुठं सोडलं?"

अण्णानं लग्न केलं नाही. दारूचा थेंब न घेता त्याचं यकृत गेलं. आता घरीच न्या, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा आई स्वतः परभणीला जाऊन त्याला घेऊन आली. शेजारणींनी कुजबुज केली तर त्यांना म्हणाली, "माझं लेकरू हाय, तुमचं न्हाई." मी वालूरच्या शाळेत शिक्षिका. शनिवारची सकाळची शाळा झाली की मानवत गाठायची आणि रविवारी संध्याकाळपर्यंत त्याच्या खाटेपाशी बसायची.

त्याच्या उशाशी बायबल असायचं, लाल पेन्सिलीनं रेघा मारलेलं. मी शिक्षिका, त्यामुळे प्रश्न विचारल्याशिवाय मला करमत नाही. एकदा विचारलं, "अण्णा, मेल्यावर तुझ्या पुस्तकात काय होतं?"

"आधी हे सांग, तुमच्यात काय होतं?"

"आमच्यात लिंगैक्य. थेंब पाण्यात गेला. झालं."

तो हसला. हसलं की त्याला पोटात कळ यायची, तरी हसायचा. मग म्हणाला, "आमच्यात देवानं माती घेतली, तिच्यात फुंकर मारली, तवा माणूस जिता झाला. आत्मा म्हंजी पिंजऱ्यातला राघू न्हाई, दार उघडलं की उडाला. जित्या माणसालाच जीव म्हणायचं. फुंकर देवाकडं परत गेली की खाली मातीच. मेलेल्याला काय बी कळत न्हाई. दुखत न्हाई, आठवत न्हाई. तो झोपलेला असतो."

"किती दिवस?"

"येशू परत येतानाची तुतारी वाजेपर्यंत. मग ज्याच्या त्याच्या कबरीत हाक ऐकू येणार, आणि उठायचं."

त्याच्या चर्चचे पास्टर अधूनमधून परभणीहून मोटरसायकलवर यायचे. गोरेपान, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांना विचारलं तर म्हणाले, देह झोपतो, आत्मा मात्र त्याच क्षणी प्रभूपाशी जातो. शेजारच्या क्रुसावरच्या चोराला येशूनं आजच सुखलोकात नेतो असं सांगितलं होतं ना. मी अण्णाकडे बघितलं. म्हटलं, "तुमचं तुमच्यातच जमेना!" अण्णा म्हणाला, "पास्टरचं बरोबर असंल. पर मला झोपच पाहिजे. लय दिवस नीट झोपलो न्हाई."

त्या पुस्तकातली एकच गोष्ट मला आवडली. येशूचा मित्र मरतो आणि येशू चार दिवसांनी पोचतो. थोड्याच वेळात मित्राला उठवणार, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरी कबरीकडे जाताना तो रडतो. मी म्हटलं, "उठवणारच होता तर रडला कशाला?"

अण्णानं लाल रेघेवर बोट ठेवलं. "माहीत न्हाई. पर रडला."

संक्रांतीच्या आसपासचा रविवार होता. आई आत भाकरी थापत होती. अण्णानं माझा हात धरला. त्याच्या बोटांत काही राहिलं नव्हतं.

"मला बसवू नका," तो म्हणाला. "आडवं झोपवा. पाय उगवतीकडं करा, म्हंजी उठलो की तोंड सूर्याकडं हुईल. करशील?"

"करते की."

"आईपुढं बोलशील?"

"बोलते म्हटलं ना."

असं मी फणकाऱ्यानं म्हटलं. ते बोलणं मला टाळायचं होतं, आणि टाळायचं असलं की मी फणकारते.

पुढच्या रविवारी सकाळी सात वाजता तो गेला. मी पास्टरना फोन लावला. ते म्हणाले, आजची प्रार्थना दुसऱ्यावर सोपवतो, लगेच निघतो. तोवर काका आले, भाऊबंद आले, विधी करणारे स्वामी आले. स्वामींनी आधी कां कूं केलं. ज्यानं लिंग उतरवलं त्याला आपल्या रीतीनं कसं पुरायचं? आईनं चांदीची डबी उघडून त्यांच्यापुढे धरली. "इतकी वर्षं मी पूजा केली. एक दिस चुकला न्हाई. आता बोला." स्वामींनी भस्माची पुडी सोडली.

मग काका म्हणाले, "त्येंच्यात पुरतात, आपल्यात बी पुरतात. जाळायचं असतं तर भांडण होतं. इथं काय फरक पडायलाय?" हे सगळ्यांना पटलं. चूक झाली ती नेमकी इथं. दोघांचीही मातीच, मग वाद कशाचा, असं म्हणत सगळे कामाला लागले.

माझा फोन वाजला. पास्टर म्हणाले, "ताई, पेडगावच्या पुढं गाडी पंक्चर झाली. अर्धा-पाऊण तास लागेल. थांबाल ना?"

मी "हो" म्हटलं. वळून बघते तर आई अण्णाचे गुडघे चोळत होती. "अंग ताठायलंय," ती म्हणाली. "आत्ताच बसवा, न्हाई तर मांडी पडायची न्हाई." आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, ती माझी वाटच बघतेय. एक वाक्य बोलायचं होतं. वर्गात चाळीस पोरांना एका हाकेत गप्प करणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आई त्या वेळी इतकी लहान दिसत होती, की तिच्या हातातून अजून काही काढून घ्यावं असं मला वाटलं नाही. हे मी स्वतःला सांगते. खरं म्हणजे मी भ्याले.

त्यांनी त्याला बसवलं. त्याची मान सारखी पुढे पडत होती, म्हणून कपाळावरून एक पट्टी बांधली. आईनं त्याच्या तळहातावर लिंग ठेवलं आणि त्याची बोटं एकेक करून मिटली.

पास्टर आले तेव्हा साडेदहा वाजले होते. हात ग्रीसनं काळे झालेले. अंगणात बूट काढले, बसलेल्या अण्णाकडे बघितलं आणि भिंतीशी उभं राहून मनातल्या मनात प्रार्थना केली. कुणाशी वाद घातला नाही. मला तर वाटत होतं, त्यांनी घालावा.

आमच्या शेतात बाबांची समाधी आहे. तिच्या शेजारची जागा आईसाठी ठेवलेली. त्या जागेच्या पलीकडे अण्णाला बसवलं.

त्यानंतर मी त्याचं बायबल वालूरला नेलं आणि लाल रेघा वाचत सुटले. बसून पुरलेल्याबद्दल कुठं काही लिहिलंय का, हेच शोधत होते. शेवटी परभणीला जाऊन पास्टरना विचारलं, "बसलेला माणूस उठतो का?"

ते म्हणाले, "ताई, समुद्रसुद्धा आपल्यातले मेलेले परत देईल, असं लिहिलंय. माशांनी खाल्लेल्यांना, जळालेल्यांना देव उठवणार. त्याला बसलेल्याची काय अडचण?"

माझ्या जिवात जीव आला. मग मी म्हटलं, "मी त्याला शब्द दिला होता."

"ते निराळं," ते म्हणाले. "उठवणं देवाचं काम. तुमचा शब्द तुमच्यापाशी." त्यांनी मला खोटा धीर दिला नाही, याचा मला तेव्हा राग आला होता.

वर्ष सरलं. एका दुपारी आई सुपात ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तो तुला काय बोलला होता, ते सांगितलं न्हाईस मला."

मी सगळं सांगितलं. सांगता सांगता रडले. आईचे हात थांबले नाहीत.

"माहीत हाय मला," ती म्हणाली. "भाकरी करायले होते. समदं ऐकू आलं."

"मग बसवलंस का?"

"बसवला तर आपला ऱ्हाईल वाटलं. आडवा केला तर त्येंचा." एक खडा तिनं बाजूला टाकला. "तू बोलशील म्हणून वाट बघितली. तू बोलली असतीस तर झोपवला असता बाई मी. माझ्या तोंडानं मला म्हणता येईना."

तिनं टाकलेला खडा मी उचलून मुठीत धरला.

"त्याला बसून कधी झोप आली न्हाई," आई म्हणाली. "माहेराला जाताना एसटीत सारखा चुळबुळ करायचा. मांडीवर डोकं घेतलं की मग झोपायचा." आता मात्र तिचे हात थांबले. "त्याच्या पुस्तकात उठायचं लिहिलंय ना? खरंच?"

"लिहिलंय."

"मग मी गेले की माझं तोंड त्याच्याकडं करा. उठला तर कुणी तरी जागं पाहिजे."

आई गेल्या पावसाळ्यात गेली. तिला अंघोळ घातली, बसवलं, शेतात नेलं. खड्ड्यात उतरवताना स्वामी म्हणाले, तोंड कुठल्या दिशेला करायचं ते ठरलेलं असतं, ते बदलता येत नाही. काका म्हणाले, "रीत ती रीत. आता काय फरक पडायलाय?"

या वेळी मी बोलले. खड्ड्याच्या काठावर उभी राहून, सगळ्या भाऊबंदांपुढे, वर्गातल्यासारखी मोठ्यानं बोलले. आईचं तोंड अण्णाकडे केल्याशिवाय एक ढेकूळ आत पडू देणार नाही म्हणाले. मग खड्ड्यात उतरलेल्या दोघांनी तिला सावकाश वळवलं.

तो उठेल की नाही, मला माहीत नाही. आई त्याच्याकडे तोंड करून बसली आहे.