सरांशी घासाघीस

सरांचं पेन माझ्या शिफारसपत्राच्या मसुद्यावर थांबलं. पीएच.डी.च्या प्रवेशासाठी ते पत्र मला हवंच होतं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो,’ असं सर म्हणाले होते. भर वर्गात ‘तू गल्ल्यावरच बस’ म्हणणारेही हेच सर. तो राग अजून गेलेला नाही. चपलांचं कौतुक करून मी दुकान उभं केलं, पण स्वतःचं कौतुक लिहिताना हात जड होतो, हे या कागदानं शिकवलं.

सरांनी ‘असामान्य’ खोडून ‘बरा’ लिहिलं.

“या भावात नाही परवडत, सर.”

“माझ्याशी घासाघीस करतोस, लेका?”

“वर्गातही करायचो. तुम्ही बाहेर काढायचात.”

सर हसले. ‘बरा’ खोडून त्यांनी लिहिलं, ‘याच्या प्रश्नांमुळे मला पुन्हा अभ्यासाला बसावं लागलं.’

एवढं मागायची माझीसुद्धा हिंमत झाली नसती.