रविवारची गोळी

पट्टा सोडून पुन्हा बांधला. प्रेशर तेवढंच, एकशे नव्वदच्या वर.

"शालिकभाऊ, गोळी घेता ना?"

"हव मॅडम."

"रोज?"

शालिकराम खाली बघू लागला. "रविवारी घेतो."

बीरगांवजवळच्या एका स्टील मिलमध्ये मी डॉक्टर आहे. शालिकराम भंडाऱ्याकडचा, ठेकेदाराचा माणूस. छताखालच्या रुळांवर फिरणारी क्रेन चालवायचा. शिडीने केबिनमध्ये चढायचं आणि शिफ्ट संपेपर्यंत बसायचं. खाली वितळलेलं लोखंड. प्रेशरच्या गोळ्यांत एक प्रकार शरीरातलं जास्तीचं पाणी लघवीवाटे काढतो. गोळी स्वस्त आणि चांगली, आम्ही ती सहज लिहून देतो. त्यालाही तीच दिली होती.

"घडीघडी लागते ना मॅडम. वर दुसरा माणूस नाही. उतरलो का फोरमन शिव्या देते. म्हणून गोळीबी नाही घेत, पाणीबी नाही पेत."

भट्टीच्या वर बसून पाणी नाही. मला भयंकर राग आला, त्याचा नाही.

गोळी बदलून दिली. पण ते प्रेशर घेऊन त्याला वर चढू देणं शक्यच नव्हतं. मॅनेजरना म्हटलं, प्रेशर उतरेपर्यंत ह्याला खाली काम द्या, आणि क्रेनला बदली ऑपरेटर ठेवा.

"नीचे जगह नहीं है मॅडम. आप अनफिट लिख दो, ठेकेदार देख लेगा."

"अनफिट नका लिहू मॅडम," शालिकराम हात जोडून म्हणाला. "क्रेन सोडून मले काहीच येत नाही."

मी लिहिलं. आजही तेच लिहीन.

ठेकेदाराने खरंच बघितलं. आठवड्याभरात शालिकराम दुसऱ्या मिलच्या क्रेनवर होता. तिथे प्रेशर कोणी मोजत नसे. पुढे केबिनमध्येच त्याला लकवा मारला. दोर लावून खाली काढावं लागलं.

कळल्यावर त्याच्या घरी गेले. उजवी बाजू लुळी, वाचा गेलेली. प्रेशर मोजलं, अगदी उत्तम.

"तुमची नवी गोळीबी लघवीच्या भीतीनं घेत नव्हते," त्याची बायको म्हणाली. "आता चुकत नाही. मीच देते रोज सकाळी. भांडं खाटेखालीच राहते."

हल्ली गोळी लिहिण्याआधी मी विचारते, कामावर लघवीला कुठे जाता? माणसं आधी हसतात, मग सांगू लागतात.