दुसऱ्या शिफ्टची बस

आमच्या फिल्म क्लबात सिनेमा संपला की प्रत्येकानं दोन मिनिटं बोलायचं असतं. वर्षभर माझी पाळी आली की मी "पास" म्हणत आले. शाळा इंग्रजी माध्यमाची. चारचौघांत मराठी बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. त्या रविवारी मात्र मला बोलायचं होतं.

सिनेमा अपहरणाचा. दहाव्या मिनिटाला मुलगी पळवतात, धमकीचा फोन येतो, आणि बाप, जो नेमका माजी कमांडो असतो, एकटाच निघतो. बंद कारखाना, गळके पाइप. घरचा मित्रच गुन्हेगार, हे मी मध्यंतराआधीच ओळखलं होतं.

"आजपण पास का गं?" शेजारच्या मुलीनं विचारलं.

घड्याळं दुरुस्त करणारे चाचा म्हणाले, "बोलो बेटा, हम कौन सेन्सॉरवाले हैं!"

मी उठले. "बाप एकटा निघतो, ते मला खोटं वाटलं." मग घडलेलं सांगून टाकलं.

पाचवीत असताना शाळेची रिक्षा मला विसरून गेली. वॉचमनकाकांना 'घरी फोन करा' म्हणायचीही मला लाज. फाटकाजवळच्या बाकावर नुसती बसून राहिले. बाबा वाळूजच्या कारखान्यातल्या दुसऱ्या शिफ्टसाठी थांब्यावर उभे होते, तिथं आई धावत गेली. तेवढ्यात कंपनीची बस आली.

"तुम्ही व्हा पुढं," बाबा म्हणाले, "पोरगी घरी आली नाही."

"पुढं काय व्हा? बसा दोघं," म्हणत ड्रायव्हरनं बस शाळेकडं वळवली. निम्मी माणसं डाव्या खिडक्यांतून रस्ता बघत होती, निम्मी उजव्या.

बस फाटकाशी थांबली तेव्हा प्रत्येक खिडकीत डोकं.

"हीच का वो?"

"व्हय, हीच!"

कुणी मला खिडकीची जागा दिली, कुणी डब्यातला शेंगदाण्याचा लाडू. मला घरी सोडेपर्यंत सगळ्यांना उशीर झाला.

"कंपनीच्या गेटवर काय सांगायचं?"

"पोरगी आणायला गेलतो म्हणायचं."

"कुणाची म्हणले तर?"

"बसची!"

माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती. चाचांनीही घड्याळ बघितलं नाही.

घरी येताना आठवलं, शाळेनं सगळ्यात आधी 'थँक यू' शिकवलं होतं, आणि त्या दिवशी मी ते कुणालाच म्हटलं नव्हतं. बसमधली बरीच माणसं आता रिटायर झालीत, पण बाबा अजून त्याच बसनं जातात. सोमवारी त्यांच्या हातात लाडवांचा मोठा डबा दिला.

"कुणी दिले म्हणू?"

"बसच्या पोरीनं."