बाजरीच्या डब्यातला क्रिस्टल

आम्हा हौशी रेडिओवाल्यांच्या गटानं डोंगरावर बीकन बसवायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. बीकन म्हणजे सतत एकच सूर काढत राहणारं छोटं प्रक्षेपण केंद्र. लांबलांबचे लोक त्यावर आपापले रेडिओ जुळवणार, म्हणून तो सूर हलता कामा नये. आणि सूर धरून ठेवायचं काम ऑसिलेटरचं. दोन ऑसिलेटर शर्यतीत होते. एक पुण्याच्या आमच्या म्होरक्यांचा, परदेशातून मागवलेला, चकचकीत. दुसरा माझा, पिंपरी पेंढारला घरी बसून जुळवलेला. माझाच बसावा असं मला लई वाटत होतं. खोटं कशाला बोलू, कांद्याला चांगला भाव मिळाला असता तरी एवढा हरखलो नसतो.

अट एकच होती. पूर्ण दिवसात ऑसिलेटरची चाल शंभर कोटींत एकापेक्षा जास्त ढळायची नाही.

आता हे घरी मोजायचं कसं? माझ्याकडे सेकंदाला किती कंपनं होतात ते मोजणारा, जुन्या बाजारातून आणलेला फ्रिक्वेन्सी काउंटर होता आणि छपरावर जीपीएसचा अँटेना. उपग्रहांत अणुघड्याळं असतात, त्यांच्या जोरावर दर सेकंदाला एक ठोका मिळतो. तो ठोका आणि आपला ऑसिलेटर शेजारी ठेवायचे, आणि आपला गडी पुढं पळतोय का मागं रेंगाळतोय ते बघत बसायचं. एकेका ठोक्यात थोडी गडबड असतेच, पण तासन्‌तास सरासरी काढली की खरं काय ते बाहेर येतं. लॅपटॉपवर रेघ उमटते. रेघ आडवी राहिली की जिंकलो.

ऑसिलेटरच्या पोटात क्वार्ट्झचा क्रिस्टल असतो, नखाएवढा, आणि त्याला ऊन-थंडीचं भारी वावडं. म्हणून त्याला छोट्या गरम डबीत कोंडतात. तरी बाहेरची हवा जितकी सारखी तितकं बरं. मी डोकं चालवलं आणि डबी नेऊन ठेवली कांद्याच्या बराखीत. आमच्याकडं महिनोन्‌महिने कांदा जिथं टिकतो, तिथं क्रिस्टलला काय धाड भरणार, असा माझा हिशेब. रेडिओवर सगळ्यांना छाती फुगवून सांगितलंसुद्धा.

रेघ कसली, नागमोडी घाट! दुपारी वर, संध्याकाळी खाली, मध्येच गचका. मी कपॅसिटर बदलले, सोल्डरचे डाग पुन्हा दिले, सप्लाय बदलून बॅटरी लावली. क्रिस्टलला शिव्या घातल्या. म्होरक्यांनी रेडिओवर विचारलं, सूर हलतोय की कांद्याचा वास लागून शिंका येतायत? सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

एका दुपारी घामाघूम होऊन बराखीत उभा होतो. वारा सुटला आणि मानेवरचा घाम बघता बघता वाळला. तेव्हा कुठं टाळक्यात उजेड पडला. अरे, ही बराखी मी बांधली तीच मुळी वारा खेळावा म्हणून! फळ्यांमधल्या फटी मीच सोडल्या होत्या. कांद्याला वारा हवा, क्रिस्टलला तोच नको. दोघांना एका घरात नांदवायला निघालो होतो. स्वतःवरच हसलो आणि डबी उचलली.

घरात सगळ्यात स्तब्ध जागा म्हणजे धान्याची कोठी. बायकोच्या माहेरची, निरगुडसरची बाजरी तीत भरलेली. तिला विचारलं, तर म्हणाली, बाजरीच्या लाह्या झाल्या तर तुम्हीच खायच्या. डबी मधोमध पुरली, वायर झाकणाखालून काढली आणि रेघ जी लोळली ती लोळलीच. फक्त रोज सकाळी एक उंचवटा यायचा. दोन दिवस डोकं खाजवलं. मग कळलं, भाकरीची बाजरी काढायला बायको झाकण उघडते. तुझा हात दिसतोय म्हणून तिला लॅपटॉपवर दाखवलं, तर तिला त्याचंच लई कौतुक. तिनं आठवड्याची बाजरी एकदम काढून ठेवली आणि उंचवटा गेला.

मग म्होरके मोजायला आले. स्वतःचं अणुघड्याळ घेऊन आले, हौसेखातर जुनंच घेतलेलं, पण ठोक्याठोक्याला माझ्या जीपीएसपेक्षा सरस. कोठी बघून त्यांनी मान हलवली. डोंगरावर कोठी नाही, म्हणाले. बाहेर पडवीत ठेवा, वाऱ्यावर, तर मी मानेन.

त्यांचं चुकत नव्हतं, तेच तर वाईट. बायको आत गेली, तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवला.

"भरा ह्यात बाजरी. डोंगरावर कोठी न्हाई जात, डबा जातो ना?"

मी डबी बाजरीत दाबली, झाकण बसवलं, फट मेणानं बुजवली. डबा पडवीत ठेवून तापू दिला, स्थिरावू दिला आणि मग मोजणी लावली. दुपारी असा वारा सुटला की अंगणातली धुणी उडाली. रेघ थोडी वाकली. माझा जीव खालीवर. वाकली, थबकली आणि हद्दीच्या आतच पुन्हा सरळ झाली. म्होरके मुक्कामी राहिले, भाकरी-पिठलं जेवले.

दुसऱ्या दिवशी दिवस पुरा झाला. त्यांनी चष्मा पुसला, त्यांच्या ऑसिलेटरची आधीच काढलेली रेघ उघडून माझ्या रेघेशेजारी ठेवली. दोन्ही ऑसिलेटर अटीत होते. पण माझी रेघ जास्त सपाट होती. ते मला न सांगताही दिसत होतं, तरी म्होरके काय म्हणतात याकडं कान लागले होते. त्यांनी फोन काढला आणि डोंगरावर पेटी बसवत असलेल्या पोरांना लावला.

"माझा काढून ठेवा," ते म्हणाले. "ह्यांचा बसवायचाय. आणि जागा मोठी ठेवा, डब्यासकट येतोय."

माझे डोळे भरून आले राव, आणि ते लपवायचं काहीएक कारण मला वाटलं नाही. डबा मी स्वतः मांडीवर घेऊन डोंगराच्या पायथ्यापर्यंत जीपमध्ये बसलो आणि वर चढताना कुणालाच हात लावू दिला नाही.