रिखलिंडनं घंटी वाजू दिली नाही

आमच्या शेजारची रिखलिंड कुणावर म्हणून विश्वास ठेवायची नाही. दळण आणलं की पीठ हातावर घेऊन हुंगायची आणि गिरणीवाल्यानं राख मिसळलीय म्हणायची. पण तिचा खरा राग पाद्रीबाबांवर. पापं कबूल करायला गेली की स्वतःची सोडून नवऱ्याचीच सांगून यायची. आम्ही हसायचो, पण तिचं अगदीच खोटं होतं असंही नाही.

आमचा बिशप हाच आमचा राजा. चर्च त्याचं, जमीन त्याची, माइन नदीवरची नावसुद्धा त्याचीच. घरचा कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर त्याचा कारभारी सोडून नेतो. रिखलिंडच्या बापाला मरताना कपाळाला शेवटचं पवित्र तेल लावायला पाद्री निघाले, पुढं घंटी वाजत होती, आम्ही रस्त्यात गुडघे टेकले. घंटी ऐकून कारभारीही पाठोपाठ हजर. म्हातारा गार व्हायच्या आत बैल गेला. पाद्री आणि कारभारी आतून एक आहेत, हे तेव्हापासून रिखलिंडच्या डोक्यात पक्कं बसलं.

मग बर्फ वितळायच्या दिवसांत तिचा नवरा ओर्टविन छातीच्या तापानं अंथरुणाला खिळला. घरात लहान पोरं, आणि सगळी भिस्त एका तांबड्या गाईच्या दुधावर. पाद्रीला बोलाव म्हणून ओर्टविन हिच्या मागं लागला. ते तेल लागल्याशिवाय मेलं तर जिवाला मुक्ती नाही, याची त्याला फार भीती. ही रोज उद्यावर ढकलायची. बहिणीकडे पैलतीरावर, दुसऱ्या सरदाराच्या मुलखात आधी गाय पोचवायची, मगच दारात घंटी वाजू द्यायची, असा तिचा बेत. पण नदीला पूर, आणि नावाडी पडला बिशपचा माणूस.

मी म्हटलं, "अगं, तो तळमळतोय. गाय गेली तर गेली."

"तुझ्या गोठ्यात आणखी आहेत, म्हणून बोलतेस," ती म्हणाली. मला असा संताप आला की तडक घरी निघून आले.

एक दिवस आमचे मार्कवार्ट पाद्री आपणहून तिच्या दारात आले. घंटी नाही, सोबत कुणी नाही. रिखलिंडच्या मनात पाल चुकचुकली. मी कुंपणाशी उभी होते, मलाही ते काही बरं वाटलं नाही, खोटं कशाला बोलू. गोठ्याचं दार सताड उघडं. त्यांनी गाईकडं पाहिलं. रिखलिंड उंबऱ्यात आडवी उभी राहिली. साधा खोकला आहे, झोपलाय, म्हणाली. आतून ओर्टविन "पाद्रीबाबा" म्हणून हाका मारत होता. झोपेत बरळतो, म्हणाली. ते परत गेले.

पाणी ओसरलं तशी ती गाय घेऊन नदीच्या उथळ उतारातून पलीकडं गेली. मी ओर्टविनच्या उशाशी बसले होते. त्याला धाप लागली तशी मी माझ्या सुनेला पाद्रीकडं पिटाळलं. ते धावत आले, पण तोवर त्याचा श्वास थांबला होता. मेल्यावर तेल लावत नाहीत. रिखलिंड परतली ती ओल्या घागऱ्यानं, आणि मरणाची खबर लागून तिच्या मागोमाग कारभारी.

गोठ्यात फक्त एक बकरी. "तांबडी गाय कुठंय?" त्यानं विचारलं.

"विकली."

तो पाद्रीकडं वळला. "तुम्ही मध्ये येऊन गेलात म्हणे इथं. गाय होती ना?"

आता पाद्री सगळं ओकणार, असं मला वाटलं.

"मला बकरीच दिसली," पाद्री म्हणाले.

कारभारी चरफडत बकरी घेऊन गेला. रिखलिंड मात्र अजून पाद्रीकडं रोखूनच बघत होती. "याच्या बदल्यात तुम्हाला काय पाहिजे?" तिनं विचारलं.

"काही नको, बाई. त्या दिवशी मी तेल घेऊनच आलो होतो. कारभाऱ्याला कळू नये म्हणून घंटी वाजवली नाही."

रिखलिंड आत गेली. तिनं ओर्टविनच्या कपाळावर हात ठेवला. ते कोरडंच होतं.