सर्व्हरची जुनी यादी

भाईंदर पूर्वेच्या आमच्या ड्रॉइंग ऑफिसात तो एकदाच आला. नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि मला नोकरीला लागून जेमतेम दोन महिने झाले होते. आमच्या सगळ्या फायली मुंबईच्या हेड ऑफिसातल्या सर्व्हरवर असायच्या. त्या सकाळी माझ्या मशीनवर एकही फाईल दिसेना. "तूच काहीतरी डिलीट केलंयस," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले. दुपारपर्यंत मलाही तेच खरं वाटायला लागलं.

मग हेड ऑफिसने कॉम्प्युटर बघायला त्याला पाठवलं. चाळिशीचा, किडकिडीत माणूस. कीबोर्डला हात लावण्याआधी त्याने रुमालाने बोटं पुसली. स्क्रीनवरचे आकडे पुटपुटत वाचले आणि हसला.

"फायली जागेवर आहेत, मॅडम. आम्ही सर्व्हर बदललाय. तुमच्या मशीनमध्ये सर्व्हरच्या पत्त्यांची यादी जुनीच राहिलीय."

"मग नवी टाका ना लवकर!"

त्याने हात मागे घेतले. "आधी साहेबांना बोलवा. एकदा चालू झालं ना, की ते तुमचीच चूक धरून बसतील."

साहेब आले. त्याने त्यांना जुनी यादी दाखवली, त्यांच्यादेखत नवे पत्ते टाइप केले. फायली दिसू लागल्या. "हे मशीन आमच्याकडून राहिलं, सर. मॅडमनी काही केलं नाही."

साहेब केबिनमध्ये गेले.

काम पाच मिनिटांचं होतं. ते करण्याआधी तो माझ्यासाठी थांबला, आणि मी त्याचं नावही विचारलं नाही.